यादीत नाव आलं, पण गाडी येते का?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एकच मथळा असतो: निकालात मुलींची बाजी. मे २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. मुलींचा ९६.१४ आणि मुलग्यांचा ९२.३१. मुलीला पेढा भरवणाऱ्या आईचा फोटोही छापून येतो. मग जून उजाडतो, अकरावीच्या याद्या लागतात आणि बाजी मारलेल्या या मुलींपैकी किती जणी वर्गात जाऊन बसल्या, हे विचारायला कुणी फिरकत नाही.

२०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. २८ जून २०२५ ला पहिली यादी लागली. सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना त्यात जागा मिळाली आणि त्यातल्या सुमारे ४ लाख ५७ हजारांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. राज्यातल्या एकूण जागा २१ लाखांहून जास्त, म्हणजे दहावी पास झालेल्यांपेक्षाही जास्त. शासनाच्या लेखी प्रश्न सुटला.

आमचा प्रश्न साधा आहे. या जागा आहेत कुठे? आणि मुलीनं तिथे जायचं कशानं?

अर्जात गुण विचारतात, जात विचारतात, शाखा विचारतात, दहा कॉलेजांची पसंती विचारतात. गावातून पहिली गाडी किती वाजता निघते आणि शेवटची किती वाजता परत येते, हे विचारत नाहीत. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. गुणांच्या जोरावर सायन्सला नंबर लागलेली मुलगी आणि तिची आई मग त्या थोड्या दिवसांत हिशेबाला बसतात. तो हिशेब गुणांचा नसतो, रस्त्याचा असतो.

रस्ता मोफत शिक्षणात धरलेलाच नाही

कायदा काय म्हणतो ते बघू. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. आठवीनंतर हा कायदा थांबतो. खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर शिकलेल्या गरीब मुलामुलींनाही नववीत पाऊल टाकताच फी भरावी लागते. खेड्यात तर जिल्हा परिषदेची शाळा अनेक ठिकाणी चौथी नाहीतर सातवीपर्यंतच असते. म्हणजे मुलीला पाळी येण्याचं वय आणि गावाबाहेरच्या शाळेत जाण्याचं वय एकच. घरच्यांची काळजी सुरू होते तेव्हाच कायद्याचा आधार सुटतो.

महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आणि हे काही आजचं नाही. पण फी माफ करून शासन हात झटकतं. फी नसलेल्या वर्गापर्यंत पोहोचायचे पैसे आईबापांनी द्यायचे, असा हा मोफतपणा आहे.

यावर उत्तर तयार असतं: मुलींना एसटीचा पास फुकट आहे ना! आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. जून २०२४ मध्ये एसटीने पास थेट शाळेत देण्याची मोहीमही काढली, डेपोच्या खिडकीवरच्या रांगा वाचल्या. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. या सवलतींनी हजारो मुली शिकल्या, यात शंका नाही. पण पास एसटीत चालतो. एसटी गावात येतच नसेल तर तो पास म्हणजे फोटो चिकटवलेला कागद. कोरोनाच्या टाळेबंदीत अनेक गावांच्या फेऱ्या बंद झाल्या. त्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. कामगारांचं दुखणं खरं होतं, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण बंद पडलेल्या फेऱ्या सुरू करताना 'उत्पन्न नाही' म्हणून आधी कोणत्या गावांवर फुली पडते? जिथे पासवाल्या पोरी चढतात आणि रोख तिकीट काढणारे थोडे असतात, त्याच गावांवर.

मग उरते वडाप. साधा हिशेब मांडून बघा. जीपला जाताना वीस, येताना वीस. दिवसाला चाळीस रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हजार रुपये. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाला दहा हजार. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शेतात निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईला त्याहून कमीच मिळतात, आणि तेही काम असेल तेव्हा. म्हणजे एका मुलीला वर्गात बसवायला आईची महिन्यातली तीन-चार दिवसांची मजुरी नुसती रस्त्यात जाते. दोन मुली असतील तर? तर एकीचं नाव काढायचं. बहुतेक घरांत मोठीचं.

हा खर्च कोण सोसतं?

'पालक' हा शब्द फसवा आहे. तो आई आणि बाप यांना एकाच मापात टाकतो. प्रत्यक्षात वडापचे सुटे पैसे आईच्या कनवटीतून निघतात. बचत गटातलं कर्ज शेळीसाठी म्हणून उचललेलं असतं आणि मुलीच्या जाण्यायेण्यात संपतं. गाडी चुकली तर मुलीबरोबर फाट्यापर्यंत आई चालते. संध्याकाळी अंधार पडला की फाट्यावर उभी राहते तीही आईच. तिचा हा वेळ कुणाच्या अंदाजपत्रकात नाही.

मुलग्याचं गणित वेगळं असतं. त्याला तालुक्याला खोली करून देतात, मेस लावतात, हप्त्यावर मोटारसायकल घेतात. तो कर्ता होणार, त्याच्यावरचा पैसा गुंतवणूक. मुलीवरचा खर्च. म्हणून सायन्सला नंबर लागलेली मुलगी जवळच्या कॉलेजात आर्ट्सला जाते, कारण प्रॅक्टिकल दुपारनंतर असतं आणि शेवटची गाडी निघून गेलेली असते. तिला आर्ट्सची आवड होती असं पुढे सगळे म्हणतात. काही दिवसांनी तीही तेच म्हणू लागते.

शहरातल्या मैत्रिणींनी हे दूरचं समजू नये. मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. पुण्यात १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं. दोन्ही वाढी शाळा-कॉलेजं उघडण्याच्या तोंडावर. झोपडपट्टी उठवून शहराच्या टोकाला नेऊन टाकलेल्या कुटुंबांच्या मुली दोन बस आणि एक शेअर रिक्षा करून जुन्याच शाळेत जातात. धुण्याभांड्याचं आणखी एक काम धरून तो खर्चही आईच भागवते.

'मुलगी जपायला हवी' म्हणजे काय?

इथे सगळ्यात जुनी सबब पुढे येते. जमाना वाईट आहे, रस्ता वाईट आहे, मुलीची जात आहे. रस्त्यावर छेडछाड होते हे खरंच आहे. ती आम्ही नाकारत नाही. पण छेड काढणारा मोकळा फिरतो आणि शाळा मुलीची सुटते, हा कुठला न्याय? मुलींना हे नेमकं कळतं. घरी सांगितलं तर आपलंच शिक्षण बंद होईल, म्हणून त्या गप्प बसतात आणि त्रास सोसत शिकतात.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंवर शेण आणि दगड पडले ते वर्गात नव्हे, शाळेच्या वाटेवर. बाईचं शिकणं रोखायचं तर वाट अडवायची, हे तेव्हाच्या सनातन्यांना कळत होतं. त्या वाटेची जबाबदारी कुणाची, हे आजच्या शासनाला मात्र अजून कळलेलं नाही.

शाळा सुटली की पुढे काय होतं हे आपण जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. घरी बसलेली सोळा वर्षांची मुलगी म्हणजे स्थळ बघायला मोकळी मुलगी. बालविवाहाला मानसिकता जबाबदार आहे असं भाषणांत सांगतात. आहेच. पण बंद झालेली सकाळची गाडीही त्या मानसिकतेला हातभार लावते.

मानसिकता आधी बदलावी लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी बिहारकडे बघावं. तिथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. अभ्यासकांनी ते तपासलं, २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती. आईबाप तेच, गावं तीच, जमीनदारी वळणाचा समाज तोच. बदललं ते एवढंच की अंतर कापायचं साधन मुलीच्या हाती आलं. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकलीचं अनुदान आहे, निळ्या बस आहेत. पण १२५ मागास तालुक्यांपुरत्या. बाकीच्या तालुक्यांत वाड्या नाहीत का, डोंगर नाहीत का?

उलट चाल मात्र जोरात आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार शासनानं मांडला. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत हे नमुने दाखवले. गाड्या देऊ म्हणतात. जे शासन अकरावीच्या मुलीला वेळेवर गाडी देऊ शकत नाही, त्यानं सहा वर्षांच्या पोरीला डोंगर उतरायला लावू नये. आधी गाडी दाखवा, मग शाळेबद्दल बोला.

आणि एसटी तोट्यात जाते, सवलतींमुळे बुडते, ही ओरड? सवलतीची रक्कम शासनानं एसटीला भरून द्यायची असते. ती वेळेवर आली नाही तर दोष पासवाल्या मुलीचा नाही. कर्नाटकात जून २०२३ मध्ये बायकांचा साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तमिळनाडूत २०२१ मध्ये. मुलीचा प्रवास ही खैरात नाही, तिच्या शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्या मागण्या

१. मुलींच्या मोफत शिक्षणात बारावीपर्यंतचा प्रवास कायद्यानं धरला जावा.

२. एसटीच्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेप्रमाणे ठरवाव्यात. प्रॅक्टिकल आणि जादा तास धरून शेवटची गाडी असावी.

३. जिथे एसटी जात नाही तिथल्या मुलींना वडापच्या खर्चाइतका प्रवासभत्ता मिळावा, तोही आईच्या खात्यात.

४. सायकल आणि निळ्या बस सगळ्या तालुक्यांत द्याव्यात.

५. पर्यायी गाडी सुरू झाल्याशिवाय एकही शाळा बंद करू नये.

६. प्रवेश मिळूनही न पोहोचलेल्या मुलींची यादी शासनानं तालुकावार जाहीर करावी.

ही शेवटची यादी शासन सहजासहजी देणार नाही. मग ती आपणच करू. प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दहावी झालेल्या मुली मोजाव्यात. कुठे नंबर लागला, कुठे गेली, का नाही गेली, एवढं लिहून काढावं. गाड्यांच्या वेळा त्याच कागदावर मांडाव्यात. ग्रामसभेत ठराव करून घ्यावा आणि तो घेऊन मुलींसकट आगार व्यवस्थापकासमोर बसावं. उन्हाळी सुटीतच हे केलं तर जूनच्या वेळापत्रकात फेरी बसवता येते. जुलैत गेलं तर पुढल्या वर्षीचा वायदा मिळतो, आणि पुढल्या वर्षापर्यंत त्या मुलीचं लग्न झालेलं असतं.