मोकाट कुत्री आणि पायी चालणारा माणूस

पोलीसभरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मोहोळ तालुक्यातील शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांपुढे नोकरीचे जे थोडे दरवाजे आहेत, त्यांपैकी हा एक. त्याची तयारी कोठल्याही क्रीडा प्रबोधिनीच्या हिरवळीवर होत नाही. ती पहाटेच्या अंधारात, पुणे-सोलापूर हमरस्त्याच्या कडेने किंवा पंढरपूरच्या रस्त्यावर होते. धावणाऱ्याच्या हातात घड्याळ नसले तरी चालते, काठी लागते. त्याच वेळी सायकलीला दुधाच्या किटल्या अडकवून निघालेल्या माणसामागे, पहिल्या गाडीसाठी स्टेशन गाठणाऱ्या मजुरामागेही कुत्र्यांची टोळी लागते. मोटारीची काच वर करून जाणाऱ्यास हा प्रश्न दिसत नाही, आणि निर्णय घेणारे बहुधा मोटारीतूनच जातात.

प्रश्न किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. २०२४ साली देशात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले. त्याच वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू मात्र ५४ दाखविण्यात आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज वर्षाला ५,७०० हून अधिक मृत्यूंचा आहे. सरकारी वहीत आणि स्मशानात एवढे अंतर का, हा प्रश्न कोणी तरी विचारलाच पाहिजे.

कुत्री एवढी वाढली कशी, याचेही एक अर्थशास्त्र आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे तासाभरात साफ करीत. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे १९९० नंतरच्या दशकात गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, पण तोवर त्या मांसावर कुत्री पोसली गेली होती. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये असा हिशेब मांडला की, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. दूषित पाणी आणि रेबीज ही त्यामागची प्रमुख कारणे. फुकट मिळणारी सेवा नाहीशी झाली आणि तिची किंमत गरिबाने चुकविली. आज गिधाडांची जागा बाजारामागचा उकिरडा आणि उघड्या मांसविक्रीचा टाकाऊ माल यांनी घेतली आहे. कचरा उचलला जात नाही तेथे कुत्र्यांविषयीची सारी चर्चा व्यर्थ आहे.

सरसकट मारून टाका, हा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा १८३२ साली दंगल उसळली होती. दंगलीनंतरही मुंबईत कित्येक दशके कुत्री मारली गेली. ती संपली नाहीत. अन्न शिल्लक असले की मोकळ्या जागी शेजारची येतात. म्हणूनच २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पिसाळलेली व आक्रमक कुत्री पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत असे सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके मोकळी करण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच. पण रस्ता हेच ज्याचे क्रीडासंकुल, त्याचे काय?

तोवर रस्त्यावरच्या माणसाने काय करावे? पळणाऱ्या वस्तूमागे पळणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. सायकलस्वार घाबरून वेग वाढवितो, लाथ झाडतो, तोल जातो. पुष्कळदा दातांपेक्षा पडण्यानेच अधिक इजा होते. वेग कमी करावा, उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि पाठ न फिरविता त्याच्या हद्दीतून चालत बाहेर पडावे. धावणाऱ्यानेही थांबावे, डोळ्याला डोळा भिडवू नये. दगड उचलण्यासाठी वाकल्याचे सोंग गावठी कुत्र्यास चांगले समजते. तो आपल्याकडील जुना, बिनखर्चाचा तोडगा आहे.

चावलेच, तर जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नये. साबण आणि वाहते पाणी, पूर्ण पंधरा मिनिटे. आणि त्याच दिवशी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची धास्ती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती जुनी लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात लस मिळते. परंतु चार खेपा म्हणजे मजुराचे चार रोज बुडणे, आणि शेवटची खेप तेथेच चुकते. रक्त निघालेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते तालुक्याला नसेल तर सोलापूर सुमारे ३५ किलोमीटर. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

हे अशक्य नाही, हे शेजारच्या गोव्याने दाखविले. तेथे सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी दर वर्षी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचा सपाटा चालविला. २०१४ साली माणसांचे जे मृत्यू होत होते, ते २०१८ मध्ये शून्यावर आले.

मोहोळसारख्या लहान नगरपरिषदेस स्वतंत्र निर्बीजीकरण केंद्र परवडत नाही, ही सबब खरी आहे. पण मोहोळ, पंढरपूर, कुर्डुवाडी आणि मंगळवेढा यांनी मिळून एक केंद्र चालवावे आणि जिल्हा नियोजन समितीने त्याचा खर्च उचलावा, यात अडचण कोणती? ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचा शिल्लक साठा रोज फळ्यावर लिहिला जावा. लस घेण्याच्या दिवशी रोजगार हमीच्या मजुराचा रोज कापू नये. कार्यकर्त्यांनी ही निवेदने गळीत हंगामापूर्वी द्यावीत. कारण एकदा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची कुटुंबे फडाशेजारी पाचटाच्या कोप्यांत राहावयास येतात, आणि पहाटे आईबाप उसात गेल्यावर त्या कोपीला दार नसते.