कैफियत न ऐकता दिलेला निवाडा

मद्यप्याची भूमिका एखाद्या नटाने इतकी हुबेहूब वठवावी, की पुढे त्याच्या पायांतील बळ खरोखरच ओसरू लागले, जिभेला जडत्व आले आणि पाठ केलेली वाक्ये आयत्या वेळी आठवेनाशी झाली, तेव्हा लोकांनी ‘हा प्यायलेला आहे’ असे ठरवून मोकळे व्हावे, यापेक्षा निर्दय अन्याय कलावंताच्या वाट्याला क्वचितच येत असेल. ब्रिटिश नट व पियानोवादक डडली मूर यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात हेच घडले. १९८१ सालच्या ‘आर्थर’ या चित्रपटात त्यांनी सदैव नशेत झुलणारा धनाढ्य वारस उभा केला आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. परंतु १९९० नंतरच्या दशकात त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा जणू तीच भूमिका त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. मूर यांची कला नीट ओळखली गेली असती, तर अशी साक्ष कोणी ग्राह्य धरली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कलेचे मूळ संगीतात आहे. १९३५ साली जन्मलेल्या मूर यांचे बालपण लंडनच्या पूर्वेस डॅगनम या कामगारवस्तीत गेले; वडील रेल्वेत विजेची कामे करीत. पाऊल जन्मतःच वाकडे, पायावर लहानपणी वारंवार झालेल्या शस्त्रक्रिया आणि उंची अखेरपर्यंत सव्वापाच फुटांच्या आत. अशा मुलाला शाळेत चेष्टा चुकत नाही, म्हणून इतरांनी हसण्यापूर्वी आपणच त्यांना हसवावे, हा उपाय त्याने फार लवकर शोधला. परंतु त्याच मुलाने चर्चच्या गायकवृंदात सूर धरला, लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात रीतसर तालीम घेतली आणि ज्या वाद्यात हातांइतकीच पायांचीही गती लागते, त्या ऑर्गनवर एवढे प्रभुत्व मिळविले, की ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाची ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती त्याला लाभली.

१९६० साली एडिंबरो महोत्सवात पीटर कुक, ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर यांच्यासह त्यांनी ‘बियाँड द फ्रिंज’ हा प्रहसनांचा कार्यक्रम सादर केला. त्यात ते पियानोवर ‘कर्नल बोगी’ ही शिपायांच्या तोंडी रुळलेली संचलनाची धून बीथोव्हनच्या सोनाटाच्या थाटात वाजवीत. धून विस्तार पावत जाई, समाप्तीच्या स्वरावलीपाशी येऊन ठेपे, प्रेक्षक टाळीसाठी हात उचलत, आणि त्याच क्षणी वादक पुन्हा नव्या समाप्तीकडे वळे. असे इतक्या वेळा होई, की शेवट करू पाहणारा आणि शेवट न सापडणारा तो वादक पाहून सभागृह हसून लोटपोट होई. हा विनोद ज्याला साधतो, त्याला बीथोव्हनची रचना अंतर्बाह्य ठाऊक असावी लागते. कारण श्रोत्याची अपेक्षा कोणत्या मात्रेला कळसास पोहोचते, हे जाणल्याविना ती अपेक्षा योग्य क्षणी मोडता येत नाही.

जाझच्या क्षेत्रात त्यांनी स्वतःचे त्रिकूट नावारूपाला आणले, आणि १९६७ च्या ‘बिडॅझल्ड’ या चित्रपटात कुक यांच्याबरोबर भूमिका करून त्याचे संगीतही स्वतःच रचले. जाझवादक लयीच्या किंचित मागे रेंगाळतो, पण लय त्याच्या मनात क्षणभरही हरवत नाही. ‘आर्थर’मधील मद्यपी मला याच वादकाचा वाटतो. वाक्य मध्येच अडखळणे, हास्य अवचित फुटणे, शरीर कलणे आणि पडण्यापूर्वी सावरणे, हे सारे मोजून केलेले होते. तोल सुटल्याचा आभास निर्माण करण्यासाठी तोलावर संपूर्ण हुकमत लागते. ती हुकमत प्रेक्षकांनी स्वभाव मानली, आणि पुढे हुकमत खरोखरच सुटली, तेव्हा तो त्यांना त्याच स्वभावाचा पुरावा वाटला.

सत्य निराळे होते. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदूच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. या विकारात डोळ्यांच्या हालचाली, तोल, वाणी आणि घास गिळण्याची शक्ती क्रमाक्रमाने क्षीण होते; प्रारंभी त्याचे निदान कठीण असते आणि त्यावर रामबाण उपाय आजही नाही. १९९९ साली मूर यांनी आपला आजार जाहीर केला, तोवर पियानो त्यांच्या हातून सुटलाच होता. २००१ साली ‘सीबीई’ हा बहुमान स्वीकारण्यासाठी ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले ते चाकांच्या खुर्चीतून, आणि तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हते. २७ मार्च २००२ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आजाराला नाव मिळाले आणि त्यांची कैफियत अखेर दप्तरी दाखल झाली, ती ते नामवंत होते म्हणून. ज्यांच्यामागे नाव नाही, असे कितीतरी रुग्ण रस्त्यात, कचेरीत, प्रसंगी स्वतःच्या घरातही, अडखळत्या पावलांमुळे आणि जड जिभेमुळे हाच आरोप निमूटपणे सोसत असतील. त्यांच्यासाठी मूर यांचे चरित्र आपण ध्यानात ठेवले पाहिजे. मूर यांचे वादन अवश्य ऐकावे, ‘आर्थर’ पाहून मनमुराद हसावेही; कारण ते हसू त्यांनी कष्टाने कमावलेले आहे. परंतु वाटेत कोणाचा तोल गेलेला दिसला, तर आधी हात द्यावा. कारण काय, ते मागाहूनही विचारता येते.