वाघाले पैसे कायले लागते?

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या भिशीत ठरलं, यंदा हॉटेलातली पार्टी रद्द. ते पैसे ताडोबाच्या वाघांसाठी द्यायचे. वर्गणी गोळा करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. कॉलनीतल्या बायकांनी शंभर-पन्नास काढून दिले. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी मात्र विचारलं, ‘‘बाई, वाघाले पैसे कायले लागते वो?’’

मी हसून वेळ मारून नेली. मावशींचं माहेर ताडोबाच्या बफर क्षेत्रातलं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. त्याच सुमारास, १० मे रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मग मावशींचा प्रश्न मला टोचायला लागला.

मैत्रिणींनो, जरा हिशेब बघू. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. आनंदाचीच गोष्ट! पण जंगल काही चौपट वाढलेलं नाही. वयात आलेला वाघ आपली हद्द शोधत बफरमध्ये, शेताच्या बांधापर्यंत येतो. आणि जंगलात रोज जातं कोण? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, सरपण तर बारा महिने. ही कामं बहुतेक बायकांचीच. पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून वेचणारी बाई आणि झुडपाआडचा वाघ, दोघांनाही एकमेकांचा अंदाज येत नाही.

माणूस गेलं की गाव चिडतं. चिडलेल्या गावाशेजारी वाघ सुरक्षित राहत नाही. म्हणून वाघ वाचवायचा तर आधी त्याच्या शेजारणीचा विचार करावा लागतो. आपल्याला मात्र वाघाचं चित्र असलेले टी-शर्ट, रॅली असलंच पटकन सुचतं. बुद्धपौर्णिमेला पैसे भरून मचाणावर बसणारे हौशी स्वयंसेवकही पुष्कळ. अनुभव छानच, जरूर घ्या. पण वाघांची शास्त्रीय गणना आता दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप लावून आणि पायी फिरून, खुणा शोधून होते. अशाच खुणा शोधताना २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तीही कुणाची तरी आईच.

मग पैसा लावायचा कुठं? सरपणाची फेरी वाचवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरला. शेताच्या सौर कुंपणाला. वनमजुरांच्या बूट, बॅटरी, रेनकोटला. बिनकठड्याच्या विहिरींना, कारण रात्री सावजामागे धावताना बिबट्या, वाघसुद्धा तिच्यात पडतो. मोठी रक्कम असेल तर व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाला द्या. २००६ च्या कायदा दुरुस्तीनं अशा प्रतिष्ठानांची तरतूद केली आहे. पावती मात्र मागून घ्या, आणि पैसे कशावर खर्च झाले हेही विचारा. वर्गणी देणारीनं हिशेब मागितला तर त्यात वाईट काय?

आमचे जमले होते जेमतेम अकरा हजार. भिशीत पुन्हा चर्चा झाली. दोघी-तिघी रुसल्या, ‘‘वाघासाठी म्हणून मागितले होते ना!’’ शेवटी मावशींच्या माहेरच्या बचत गटाशी बोललो. विटा, सिमेंट आमचं, मेहनत गावची. पावसाळ्याआधी शेतातल्या एका जुन्या विहिरीला कठडा झाला.

मावशी बघून आल्या आणि भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘‘बरं केलं बाई. आता वाघबी नाई पडत, अन् आमचं पोट्टंबी नाई.’’

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना मी हेच सांगणार आहे.