वायर तोडू नका, कपलर बनवा

मोटारसायकलचा धंदा म्हटला की आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांची नावे निघतात. परंतु गाडी कारखान्याबाहेर पडल्यानंतर तिच्यावर पोट भरणारा एक मोठा वर्ग पुण्यात आहे. नाना पेठेतील सुट्या भागांचे दुकानदार, गल्लीबोळातील मेकॅनिक आणि खास करून वायरिंगचे काम करणारे कारीगर यांचा विचार व्यापाराच्या पानावर क्वचितच होतो. या वायरिंगवाल्यांची रोजी आज एका लहानशा जिनसेवर येऊन ठेपली आहे. ती म्हणजे कपलर, दोन वायरींना जोडणारा प्लास्टिकचा जोड. जो तो नीट बनवायला शिकेल तो टिकेल. जो टेप गुंडाळत राहील त्याचे दुकान फार दिवस चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पॉइंटपासून मॅपपर्यंत

जुन्या स्कूटरमध्ये पॉइंट असत. त्यांची गॅप लावून टायमिंग बसवणे हा उस्तादाच्या हाताचा हुनर होता. पुढे सीडीआय आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत इंजेक्शन व ईसीयू आला. हाताने टायमिंग लावायचे काम संपले.

ठिणगीचे गणित मात्र तेच राहिले. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी पडावी लागते. किती अंश आधी, हे इंजिनाच्या फेऱ्यांवर आणि एक्सलेटर किती उघडला आहे यावर ठरते. या अंशांचा तक्ता ईसीयूमध्ये साठवलेला असतो, त्यालाच मॅप म्हणतात. काही गाड्यांत असे दोन किंवा अधिक मॅप असतात. केटीएमच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाड्यांत चिखलासाठी मवाळ आणि कोरड्या जमिनीसाठी तेज असा फरक करता येतो. टीव्हीएसने २०२० मध्ये अपाचे आरटीआर २०० ला पावसाचा, शहराचा व स्पोर्टचा असे तीन मोड दिले. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यातच बाजारात आलेल्या बजाजच्या फ्रीडम १२५ या सीएनजी मोटारसायकलवर एका बटणाने इंधन बदलते. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्यामुळे त्याला ठिणगी अधिक आधी लागते. म्हणजे इंधन बदलले की ठिणगीचे गणितही बदलावे लागते. यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते वाचकांच्या लक्षात येईल.

दोष कुठे लपतो

दोन मॅपच्या साध्या पद्धतीत युक्ती सोपी असते. सिग्नलची एक वायर अर्थला जोडली की एक मॅप चालतो, मोकळी सोडली की दुसरा. ही जोडणी स्विचने होते किंवा सीटखालचा एक कपलर लावून वा काढून होते.

अडचण येथेच आहे. हेडलाइटच्या वायरीतून काही अँपिअर करंट वाहतो. तिची पिन थोडी गंजली तरी दिवा मंद का होईना पण लागतो. सिग्नलच्या वायरीतून मात्र नाममात्र करंट जातो. पिनेवर गंजाचा पातळ थर आला की ईसीयूला वाटते वायर मोकळी आहे. गाडी हादरते तसा संपर्क जातो-येतो आणि चालत्या गाडीत मॅप आपोआप बदलतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हा दोष सापडत नाही. मग ग्राहक आधी प्लग बदलतो, नंतर कॉइल आणि शेवटी ईसीयू. दोष एका पिनेचा असतो आणि भुर्दंड हजारोंचा बसतो. कापड कितीही उंची असले तरी शिवण उसवली की कपडा गेला, तसाच हा प्रकार आहे.

काम कसे असावे

पहिली गोष्ट म्हणजे कपलरची जात ओळखणे. बाजारात ९०, ११० आणि २५० नंबरच्या पिना मिळतात. हे नंबर म्हणजे पिनेची रुंदी, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ११० नंबरची पिन २.८ मिलिमीटरची आणि २५० नंबरची ६.३ मिलिमीटरची. नंबर जुळला तरी लॉकची ठेवण प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून नमुना हातात घेऊनच माल घ्यावा.

दुसरी गोष्ट क्रिम्पिंग. पिनेला पाठीमागे पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर दाबायची आणि मागची वायरीच्या आवरणावर. मागची जोडी वायरीला ओढ आणि हादरा बसू देत नाही. साध्या पक्कडने दाबले तर तांबे एक तर सैल राहते किंवा तुटते. पुरता दाब बसल्याशिवाय न सुटणारी रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड काही हजार रुपयांत मिळते. सोल्डर केले की पक्के झाले, ही समजूत चुकीची आहे. सोल्डर वायरीत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी तेथेच तुटते.

तिसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि बारा महिने प्रेशरने गाड्या धुतल्या जातात. प्रत्येक वायरीवर रबरी सील हवेच. कपलरवर आयपी ६७ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जात नाही, असा आहे. पण वायरीच्या जाडीचे सील बसवले नाही तर हा आकडा केवळ शोभेचा राहतो.

गिऱ्हाईक कोठे आहे

दहा-वीस नगांसाठी कोणतीही मोठी हार्नेस कंपनी मशीन लावत नाही. लहान कारीगराची जागा हीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची फेरी झाली. अशा शर्यतींच्या गाड्यांना मॅप स्विचचे वायरिंग लागते. १९९६ मध्ये उत्पादन बंद झालेल्या आरएक्स १०० चे शौकीन आजही सीडीआयचे कपलर शोधत असतात. शिवाय उंदराने कुरतडलेले किंवा पाण्याने सडलेले कपलर बदलण्याचे काम रोजचेच आहे.

मात्र एक पथ्य पाळावे. कंपनीची मूळ वायर कापू नये. दोन्ही टोकांना जुळणारे कपलर लावून मधला तुकडा तयार करावा, म्हणजे तो काढला की गाडी पूर्ववत होते. वायर कापली की वॉरंटीचा वाद सुरू होतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये अशा प्रत्येक फेरबदलाला मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरच्या गाडीला बाहेरचा मॅप बसवून धूर वाढवणे हा धंदा नव्हे. शर्यतीचा माल शर्यतीसाठीच विकावा आणि बिलावर तसे लिहावे. रस्त्यावरच्या गाडीला दुरुस्तीचा माल द्यावा.

"गिऱ्हाईक पैसे देत नाही, त्याला स्वस्तच हवे असते," असे दुकानदार म्हणतील. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याची गाडी घाटात पावसात बंद पडली आहे तो पुढच्या वेळी स्वस्त मागत नाही, खात्रीचे मागतो. खात्री मात्र दाखवता आली पाहिजे. तयार केलेला प्रत्येक जोड ओढून पाहावा, वायरींचे रंग मूळ गाडीप्रमाणे ठेवावेत, तुकड्यावर आपल्या दुकानाचे नाव व तारीख लावावी आणि खराब निघाला तर बदलून द्यावा. माल वाढला तर पुण्यातच १९६६ पासून एआरएआय ही चाचणीची संस्था आहे. तिचे दार मोठ्या कारखान्यांसाठीच आहे असे समजू नये.

एकेका दुकानाला भांडवल झेपत नसेल तर एका गल्लीतील चार दुकानांनी मिळून चांगली पक्कड आणि पिनांचा साठा घ्यावा. ज्या उस्तादांनी पॉइंटचे टायमिंग कानाने ऐकून लावले, त्यांच्या हातात अजून ती नजाकत आहे. त्यांनी आपल्या शागिर्दांना टेपचे रीळ बाजूला ठेवून क्रिम्पिंग शिकवावे. ईसीयूच्या आत काय लिहिले आहे ते कंपनीकडेच राहील. त्याच्यापर्यंत जाणारा जोड मात्र आपल्या हातचा आहे, आणि त्या जोडावर पुढची वीस वर्षे कुटुंबे चालू शकतात.