खाऱ्या पाण्याचा कोश, कोरड्या गावातून

आधीच सांगते, विषय ऐकून हसू येईल. घरातल्या काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी, त्यातले मासे आणि जमलंच तर प्रवाळ सांभाळायचं, या छंदाला रीफ अ‍ॅक्वेरियम म्हणतात. या एकाच विषयावर मराठीत एक ज्ञानकोश असावा, इंटरनेटवर, फुकट आणि हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, असं माझं मत आहे. आणि हे म्हणतंय कोण? तर वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव रिठद, तिथली मुलगी! आमच्याकडे सोयाबीन, तूर आणि हरभरा. खारं पाणी म्हणजे फार तर एखाद्या बोअरचं. तरीही मत ठाम आहे, आणि ते का, हे सांगायला संपादकांकडून ही दोन पानं मागून घेतली आहेत.

कोश लिहिणं मराठीला नवीन नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीला शाळेत शिकले, म्हणजे आपल्या वऱ्हाडातच. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' हाती घेतला. त्याचे 23 खंड झाले. पैसा कुठून आला? सरकारकडून नाही. त्यासाठी चक्क कंपनी काढली आणि लोकांना तिचे शेअर्स विकले! नंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याचा पहिला खंड 1976 साली आला आणि विसावा पूर्ण व्हायला 2015 उजाडलं. हे सगळं विद्वानांचं काम. मग 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि तुम्हीआम्ही कोणीही लिहू शकतो अशी सोय झाली. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी ही 8 कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा आहे. पण मराठी विकिपीडियावर लेख साधारण लाखभर, आणि इंग्रजीत सत्तर लाखांच्या घरात.

मग तिथेच लिहावं की, वेगळा कोश कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण विकिपीडियाचा एक नियम आहे, आणि तो योग्यच आहे. तिथे स्वतःचा अनुभव चालत नाही, आधी छापून आलेला आधार लागतो. छंदाचं ज्ञान मात्र बहुतेक वेळा छापलेलं नसतंच. अकोल्यातल्या कुणी टाकी मे महिन्यात कशी वाचवली, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? असं ज्ञान त्या माणसाकडेच राहतं, आणि त्याने छंद सोडला की जातं. म्हणून एका विषयापुरता लहान कोश वेगळा हवा, जिथे अनुभव चालेल, पण आकड्यांसकट.

"इंग्रजीत सगळं आहेच की!" हे वाक्य मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे लहानपणापासून ऐकत आले आहे. आहे ना, भरपूर आहे. पण ते कुठल्या हवेसाठी लिहिलेलं आहे? थंड देशातल्या माणसाला टाकी गरम ठेवायची काळजी असते, म्हणून तो हीटरवर पानंच्या पानं लिहितो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. प्रवाळाला साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस मानवतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. पाणी 30 च्या वर जाऊन काही दिवस तिथेच राहिलं, तर हे शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि पुष्कळदा मरतं. म्हणजे आपल्या कोशात 'हीटर' ही नोंद दोन ओळींची आणि 'उन्हाळा' ही नोंद दोन पानांची हवी.

माझ्या एका मैत्रिणीकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्याबद्दल घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, इथं समुद्र नाही, काही नाही. खाऱ्या पान्यातले मासे जगतीन कसे?" बाबांना मराठीत समजावताना मला उदाहरण सापडलं ते कूलरचं. कूलरच्या ताट्यांवर मार्चपासून पांढरा थर चढतो, तो आपण सगळ्यांनी खरवडलाय. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टाकीतही तेच होतं. समजा टाकीत 100 लिटर पाणी आहे आणि दर लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं. त्यातलं 5 लिटर पाणी उडालं, तर मीठ तेवढंच राहून प्रमाण जवळजवळ 37 ग्रॅमवर जातं. म्हणून कमी झालेलं पाणी भरून काढताना खारं नाही, गोडं पाणी टाकायचं. बाबांना हे एका मिनिटात पटलं. शिवाय आणखी एक गंमत. टाकीवर साधा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, आणि कोरड्या हवेत ते मुंबईपेक्षा जास्त चांगलं होतं. म्हणजे आमच्या उन्हाळ्याचा चक्क एक फायदासुद्धा आहे! मुंबईचा हौशी माणूस हे कशाला लिहील? हे आपणच लिहायला हवं.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ही गंमत नाही. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती वाघाच्या रांगेत बसतात. परदेशी पुस्तक म्हणतं, "दुकानातून प्रवाळाचा तुकडा आणा." ते वाचून आपल्यातल्या कुणी मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणला, तर तो गुन्हा आहे. प्रवाळ फक्त लक्षद्वीप-अंदमानात असतं असं आपल्याला वाटतं. पण ते मालवणला आहे, जिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, तिथेही आहे. या जागेला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत होतं? टाकीची हौस आणि समुद्राची नासधूस यांच्यामध्ये एका वाक्याची सूचना उभी असते. ती सूचना मराठीत नसेल, तर नुकसान समुद्राचंही आहे आणि अजाणता अडकणाऱ्या माणसाचंही.

आता नेहमीचे आक्षेप. "कोणीही लिहिणार म्हणजे चुकीचं लिहिणार." 2005 साली 'नेचर' या नियतकालिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिकाचे विज्ञानावरचे 42 लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात 162 चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात 123. ब्रिटानिकाला ही तपासणी मान्य झाली नाही, तो वाद वेगळा. माझा मुद्दा इतकाच, की चुका दोन्हीकडे असतात. उघड्या कोशातली चूक दिसली की वाचणाराच ती दुरुस्त करतो, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते.

"आता एआयला विचारलं की झालं." ते तरी कुठून शिकतं? माणसांनी लिहून ठेवलेल्यावरून. वऱ्हाडातल्या टाकीबद्दल मराठीत कोणी ओळ लिहिलेली नसेल, तर ते आपल्याला परदेशातल्या थंडीचाच सल्ला छान मराठीत देईल.

"मराठीत शब्द कुठे आहेत?" जिथे आहेत तिथे वापरू: प्रवाळ, क्षारता, बाष्पीभवन. जिथे नाहीत तिथे स्किमरला स्किमर आणि पंपाला पंप म्हणू. भाषा शुद्ध राहावी म्हणून ज्ञान बाहेर उभं ठेवणं मला पटत नाही.

राहिला प्रश्न आपला काय संबंध. जरा आठवा. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ईडीटीएने पाण्याचा कठीणपणा आपण सगळ्यांनी काढलाय, आणि "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं विचारून झालंय. उपयोग हा! प्रवाळाच्या टाकीत कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम लागतं, आणि ते मोजायची पद्धत तीच. पातळी घटली की आपोआप गोडं पाणी सोडणारं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका रविवारचं काम. पाण्याच्या दाबाला काच किती जाड हवी, ते सिव्हिल आणि मेकॅनिकलने सांगावं. लाइट गेल्यावर पंप बंद पडतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा बॅटरी किती तास पुरेल हे इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी काढावं. टाकी कोणाकडे नसली तरी चालेल, गणित आणि मोजमाप आपल्याकडे आहे. अनुभव टाकीवाल्यांकडून घ्यायचा.

नियम मी तीनच सुचवते. प्रत्येक नोंदीत गाव, महिना आणि मोजलेले आकडे असावेत. जमलेल्या प्रयोगाइतकीच जागा फसलेल्या प्रयोगाला मिळावी, कारण टाकीतला जीव मेला तर निदान पुढचा वाचावा. आणि भाषा अशी असावी, की ज्याने इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यालाही समजेल.

सेमिस्टरला वीस नोंदी झाल्या तरी मी खूश. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस टाकले, टाळ्या वाजवल्या. पण अभिजात भाषेतसुद्धा टाकीत पाणी कोणतं घालायचं हे कोणीतरी लिहावं लागतंच ना! केमिस्ट्रीच्या सरांना आणि मॅडमना विनंती, की नोंदी तपासून द्याव्यात. हॉस्टेलवाल्यांना विनंती, की रात्रीच्या मॅगीनंतरचा अर्धा तास द्यावा. पहिली नोंद कोणती असावी यावर मनसोक्त भांडू. माझं मत 'बाष्पीभवन'ला.