जीर्णोद्धार की विद्रूपीकरण?

‘चालत्या घड्याळाला हात लावू नये’ हे एक वचन, आणि ‘जुने घड्याळ नव्यासारखे करून घ्यावे’ हे दुसरे. दोन्ही परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंचा उगम एकच आहे. यंत्राविषयीचे अज्ञान आणि गतकाळाविषयीची अनास्था यांतून ती जन्मली आहेत. जुनी मनगटी घड्याळे विकत घेण्याची हौस अलीकडे सुशिक्षितांत बरीच बळावली आहे. हौस वाईट नव्हे. परंतु घड्याळ घरी आणल्यानंतर त्याचे जे केले जाते, ते पाहून मौन धरणे मला अशक्य झाले आहे.

प्रथम स्वतःचाच अपराध सांगतो. दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या जुमेरात बाजारात मी एच. एम. टी.चे ‘जनता’ घेतले. तबकडी चहाच्या रंगाची झालेली, काचेवर ओरखडे. पण तबकडीवर ‘जनता’ हा शब्द देवनागरीत, आणि पाठीमागच्या झाकणावर कोणा गृहस्थाच्या सेवानिवृत्तीची १९७९ मधील तारीख कोरलेली. एका झगझगीत दुकानात मी ते सर्व्हिसिंगला दिले आणि ‘जरा नीट करून द्या’ एवढेच बोललो. आठ दिवसांनी हाती आलेले घड्याळ मला ओळखू येईना. तबकडी मोरपंखी निळी, तिच्यावर इंग्रजी अक्षरे, तीही किंचित तिरपी. आणि पाठ अशी घासलेली की तीत माझा चेहरा दिसावा. तारीख गेली होती. महिन्याभरात घड्याळही बंद पडले. जुन्या शहरातील एका वृद्ध घड्याळजींनी ते उघडले आणि भिंग माझ्या हाती दिले. चक्रांच्या टोकांशी जुने तेल काळ्या राळेसारखे थिजले होते. ‘घर कू रंग लगा दिये साब, अंदर झाडू नै मारे,’ ते म्हणाले. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता पहिल्या वचनाचा समाचार घेऊ. ‘जनता’चे बॅलन्स चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००, आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. एवढी धावपळ करणाऱ्या यंत्रास सुईच्या अग्राएवढे तेल लागते, आणि ते तेल काही वर्षांत आटते किंवा घट्ट होते. घट्ट झालेल्या तेलात धूळ मिसळली की तिची खरड बनते. चक्राचे पोलादी टोक ज्या माणकात फिरते ते माणिक कठीण. त्याला सहसा काही होत नाही. झिजते ते पोलाद. घड्याळ मात्र चालतच राहते! तेव्हा ‘चालते’ याचा अर्थ ‘निरोगी आहे’ असा करणे म्हणजे ज्वर अंगावर काढून कचेरीस जाणाऱ्या माणसास धडधाकट म्हणण्यासारखे आहे. आणि टोक झिजल्यावर नवे आणावयाचे कोठून? जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरास उभा राहिलेला तो उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. आज सुटा भाग बहुधा मिळतो तो दुसऱ्या एखाद्या ‘जनता’ची चिरफाड करून. म्हणजे आपण आज वाचविलेले तेल उद्या दुसऱ्या घड्याळाचा प्राण घेते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की जुने घड्याळ घेतले, आणि ते कोणी, केव्हा साफ केले हे ठाऊक नसले, तर आधी ते जाणत्याकडून पूर्ण सोडवून घ्यावे आणि मगच रोज चावी द्यावी. पेट्रोलच्या वाटीत आख्खे यंत्र बुचकळून वर तेलाचा थेंब सोडणे हे सर्व्हिसिंग नव्हे. स्प्रिंगचा ताण उतरवून प्रत्येक भाग सुटा करावा लागतो, धुवावा लागतो, माणकाचे छिद्र अणकुचीदार काडीने पुसावे लागते. स्प्रिंगच्या डब्यास जाड वंगण, वेगाने फिरणाऱ्या टोकांस पातळ तेल, आणि केसस्प्रिंगला मुळीच तेल नाही. तिची वेटोळी एकमेकांस चिकटली तर घड्याळ बेफाम पुढे पळते. कोठे तेल घालू नये हे ज्याला कळते तोच खरा घड्याळजी.

दुसरे वचन अधिक घातक आहे, कारण ते सौंदर्याचे सोंग घेऊन येते. आपल्या देशात जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवून विकण्याचा व्यवसाय इतका फोफावला आहे, की परदेशी संग्राहकांनी तसल्या मालास चक्क मुंबईचे नाव देऊन टाकले आहे. याची लाज आपणांस वाटावयास हवी. जुन्या मंदिरातील पाषाणमूर्तींस ऑइलपेंट फासणाऱ्या विश्वस्तांना आपण हसतो. पोथीतील अवघड शब्द काढून तेथे सोपा घालणाऱ्या नकलकारास दोष देतो. मग मनगटावर तेच कृत्य करताना आपली रसिकता कोठे जाते?

कोणी म्हणेल, जुने म्हणून मळकट आणि फुटके ठेवावयाचे काय? मुळीच नव्हे. जे झिजण्यासाठीच आहे ते खुशाल बदलावे: तेल, स्प्रिंग, काच, रबरी कडे, पट्टा. परंतु तबकडी आणि कोरलेली अक्षरे ही साक्ष आहे, आणि साक्ष बदलण्याचा अधिकार नव्या मालकास नाही. शिवाय १९६० पूर्वीच्या अनेक स्विस घड्याळांच्या आकड्यांत रेडियमचा लेप असतो. त्याची चमक केव्हाच विझलेली असली तरी रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. तो लेप खरवडणारा कारागीर ती धूळ श्वासाबरोबर आत घेतो. आपल्या हौसेपायी त्याने हे का सोसावे?

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘घड्याळाच्या किमतीहून दुरुस्ती महाग!’ हे ऐकून मला राग येतो तो एवढ्यासाठी, की हेच गृहस्थ रंगरंगोटीचे पैसे हसत मोजतात. रंग दिसतो, तेल दिसत नाही; म्हणून रंगाला दाम आणि तेलाला घासाघीस. अर्ध्या दिवसाच्या डोळेफोडीला आपण चहापाण्याएवढी मजुरी देऊ केली, तर पेट्रोलची वाटी पुढे येणारच. दुकानदारास मी दोष देतो, पण त्याला तसे शिकविले ते आपण गिऱ्हाइकांनी. मीही ‘जरा नीट करून द्या’ म्हणालो, म्हणजे काय करा आणि काय करू नका, हे सांगण्याची तसदी घेतली नाही.

वृद्ध घड्याळजींनी माझे ‘जनता’ सोडवून, धुऊन पुन्हा चालते केले. परत देण्यापूर्वी त्यांनी झाकणाची आतली बाजू दाखविली. तेथे पूर्वीच्या दोन कारागिरांनी सुईने कोरलेल्या बारीक तारखा तशाच होत्या. घासणाऱ्याचे तिकडे लक्षच गेले नव्हते. त्यांच्याखाली यांनी आपली तारीख कोरली. बाहेरची तारीख मात्र मला कोणीही परत देऊ शकणार नाही. ज्यांच्या हाती अजून अशी एखादी तारीख शाबूत आहे, त्यांनी तिला हात लावू नये. आणि यंत्राला तेल घालण्यास विसरू नये.