डोळ्यांसाठी ताटात काय?

मंडळी, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच थँक्सगिव्हिंग येतं. आमच्याकडे त्या दिवशी चार-पाच घरं जमतात, प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो. गेल्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. "नजर जरा अंधुक झालीय, पण मी रोज गाजराचा रस घेते," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मधुमेह १५ वर्षांचा. ताटात गाजर हलव्याची दुसरी वाटी, तीही म्हणे डोळ्यांसाठीच!

गाजरावरचा हा विश्वास अगदीच खोटा नाही. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते फार कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून भारतात लहान मुलांना त्याचे डोस देतात. पण रोज नीट जेवणाऱ्या माणसाला ही उणीव सहसा नसते, आणि गाजरं वाढवून चष्म्याचा नंबर उतरत नाही.

गाजरच कशाला, थँक्सगिव्हिंगच्या टेबलावरचं रताळं घ्या. आपण एकादशीला खातो ते बहुधा आतून पांढरं असतं. इथलं नारिंगी, दुकानात बरेचदा 'याम' नावाने मिळतं, त्यात बीटा कॅरोटीन भरपूर. एक मध्यम रताळं सालीसकट भाजून खाल्लं की दिवसाची अ जीवनसत्त्वाची गरज भागून वर उरते. त्यावर मार्शमेलो आणि ब्राऊन शुगर ओतायचं कारण मला अजून कळलेलं नाही. फोडींना तेल, जिरं, तिखट लावून ओव्हनमध्ये टाका. तेल हवंच, त्याशिवाय बीटा कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. लाल भोपळ्याचं भरीतही चालेल. घारगे मात्र दोनच.

पालक आणि केल यांत ल्युटीन असतं. मका आणि अंड्याच्या बलकात त्याच्या जोडीला झियाझँथिनही. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी हीच दोन द्रव्यं साठतात. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि भारतात जाताना आपण नातेवाइकांसाठी डोळ्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या नेतो ना? त्या पडद्याच्या एका ठरावीक आजारासाठी असतात, सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. त्यात बीटा कॅरोटीन असेल तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या काकांना मुळीच देऊ नका. त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सासूबाईंना त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब घालून बाहुली मोठी करून पाहिलं, तर दोन्ही पडद्यांवर रक्तस्राव. मधुमेहाने तो हळूहळू झाला होता, दुखलं काहीच नव्हतं. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. आहे ती नजर टिकली, गेलेली सगळी परत आली नाही. प्रवासी विम्याने जुना आजार म्हणून एक डॉलरही दिला नाही. तुमचे आईवडील येणार असतील आणि मधुमेह असेल, तर ही तपासणी तिकडून निघण्याआधीच करून घ्या. आपल्यातल्या मधुमेहींनीही ती दरवर्षी करावी. मेडिकेअर असेल तर पार्ट बीमध्ये ती येते.

आता फोनवर सासूबाई आधी साखरेचा आकडा सांगतात, मग हळूच विचारतात, "अर्धा पेला रस घेऊ का गं?"

"आई, कोशिंबीर करा," मी म्हणते, "दाण्याचं कूट घालून, वरून फोडणी द्या."

"बिनसाखरेची?"

"बिनसाखरेची."